टॉवेल वाघदरीला पोचला, मी नाही

हिंगोली,
फाल्गुनातला गुरुवार

वाघदरी मुक्कामी आमचे दाजी श्री. दगडोबा यांना हिंगोलीहून बंडूचा वाकून नमस्कार.

तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा बरा असल्याचं सरूनं मागं फोनवर सांगितलं. डाव्याचं विचारायच्या आत रेंज गेली.) म्हैस व्याली का? हळद शिजवून झाली का? इकडं मी वयाच्या मानानं बरा आहे. पायऱ्या चढताना माझेही गुडघे बोलतात, पण अजून हळू आवाजात. फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणून तो सरूकडं देता, म्हणून हे पत्र घातलं. चष्मा लावून बसावं आणि शेवटपर्यंत वाचावं, एवढी विनंती.

परवा मंगळवारचं सांगण्याआधी तीन वर्षांपूर्वीचं सांगतो, कारण सगळं तिथूनच बिघडलं. आमच्या अपूर्वच्या लग्नात मंगलाष्टकं मी रचली होती. आठही कडवी शार्दूलविक्रीडितात, आणि त्यांत दोन्हीकडचे आजे-पणजे, मामे, आत्या, झालंच तर मांडव घालणाराही गुंफला होता. सातवं कडवं संपलं तेव्हा आता आपलंच नाव म्हणून तुम्ही पहिल्या रांगेत टोपी सारखी करून ताठ उभे राहिलात, ते मी माईकमागून बघितलं. आठवं संपलं. नाव आलं नाही. तुम्ही टोपी काढून खिशात घातली, पंगतीला न बसता गेलात, तुमच्यासाठी आणलेली टॉवेल-टोपी ताटातच राहिली. तेव्हापासून तीन दिवाळ्या सरू माहेरी आली नाही. त्या दिवशी मी विसरलो असं सगळे समजले. दाजी, मी विसरलो नव्हतो. शाळेत गुरुजींनी आम्हाला वृत्तं छडीच्या तालावर शिकवली, ती अजून बोटांत आहेत. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षराला श्वास घ्यावा लागतो. तुमचं नाव त्यात एकाच ठिकाणी बसत होतं, आणि तो श्वास नेमका 'दगडो' आणि 'बा' यांच्यामध्ये येत होता. भर मांडवात आपल्या दाजींचे दोन तुकडे कसे करावेत? रात्रंदिवस खपून जमलं नाही, तेव्हा मी तुम्हाला अख्खं ठेवलं आणि बाहेर ठेवलं. (हे तेव्हाच सांगायचं होतं. पण पंगतीत वृत्त समजावणाऱ्या माणसाला कोणी दुसरी जिलेबी वाढत नाही.)

तर मंगळवारी नवी टॉवेल-टोपी घेऊन मी तुमच्याकडं निघालो. सरूला आधी कळवलं होतं आणि तुम्ही स्टँडवर याल असं ती म्हणाली होती. सकाळी नऊची गाडी. गर्दी ही एवढी. पन्नास वर्षांची सवय, दाजी, हात माझं ऐकत नाहीत. गाडी फलाटाला लागली तशी मी पिशवीतलं हाताला आलं ते खिडकीतून सीटवर टाकलं आणि जागा धरली. आत जाऊन बघतो तो तुमचा मानाचा टॉवेल! घडी मोडली होती. आता मोडलीच आहे म्हणून तो तसाच राहू दिला. (टोपीचं पुढं येतं.)

प्रवास मात्र काय सांगू! औंढ्यापर्यंत सगळ्या रस्त्याला उकडलेल्या हळदीचा वास. औंढ्याच्या पुढं डोंगर सुरू झाले आणि मी पाचवीतला पोर होऊन खिडकीला चिकटलो. सागाची पानं गळून गेलेली, उघड्या उतारावर मधेच एक पळस पेटलेला, वळण संपलं की दहा-वीस घरांचं गाव, गावापुढं हौद, हौदावर शेळ्या, की पुन्हा वळण. तुम्ही साठ वर्षं तिथं राहता, तुम्हाला यात काय नवल. पण मी जन्मभर तहसिलीच्या खिडकीतून सायकल स्टँड बघितलेला माणूस आहे.

जांभळवाडीला कंडक्टर भीमसिंग म्हणाला, "पाच मिनटं थांबून राहिलो, च्या घ्या." मी पिशवी टॉवेलाशेजारी ठेवली, ऊन होतं म्हणून टोपी डोक्यावर चढवली (आलंच ते), आणि चहाच्या टपरीमागच्या चढावर पळस बघायला गेलो. आणि तिथं, समोर तुमच्या वाघदरीचा डोंगर दिसत असताना, तीन वर्षं न सापडलेली गोष्ट सापडली. नाव चुकीचं नव्हतंच, वृत्त चुकीचं होतं! मालिनीत तुम्ही चपखल बसता. आठव्या अक्षराला श्वास येतो, अगदी तुमच्या नावानंतर. मी बोटं मोजत मोठ्यानं म्हणून बघितलं, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा म्हणून खाली उतरलो तर धूळ उडत होती.

टपरीवाल्या रुख्मिणीबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. "आजोबा, गाडी गेली की! काहून वर हातवारे करून राहिले होते? मला वाटलं, मधमाश्या उठल्या."

"पुढची गाडी?"

"उद्या याच टायमाला. न्हाईतर हीच माघारी येईल दीड-दोनला, हिंगोलीची. बसा. टोपी झ्याक हाय, नवी दिसती."

फोन पिशवीत, पिशवी गाडीत, गाडी तुमच्याकडं. बाईंनी भाकरी आणि ठेचा दिला, वर तीन तास मालिनी ऐकली. ("बरं हाय," म्हणाल्या, "पर जेवताना नगा म्हणू.") दोन वाजता गाडी आली आणि भीमसिंग दारातूनच ओरडला, "बाबा, तुमची पिशवी लई गाजली वाघदरीत!"

मग त्यानं सांगितलं ते असं. एक टोपीवाले बाबा आले. सगळ्या सिटा वाकून बघितल्या. खिडकीतला टॉवेल बघितला. फोन लावला तर त्यांच्या पुढ्यातच पिशवी वाजली. तीनदा लावला, तीनदा वाजली. "मी म्हनलं, बाबा, टॉवेल घेऊन जा, तुमच्यासाठीच असंल. तर म्हनले, न्हाई, आणणाऱ्यानं हातानं द्यावा. अन् गाडी वळंस्तोवर लिंबाखालून हलले न्हाईत."

दाजी, हे ऐकून मी हिंगोलीपर्यंत मालिनीचं एक अक्षरही मोजलं नाही. (माझ्याबाबतीत हे किती, तुम्ही जाणता.) घरी येऊन फोन केला तर तुम्ही 'हं' म्हणून ठेवून दिलात. मी मुद्दाम आलो नाही असं तुम्हाला वाटलं असणार. वाटू देऊ नका. तुमच्यापासून चार कोस अलीकडं उभा राहून मी तुमचंच नाव घेत होतो.

सरूला आशीर्वाद. म्हशीला चारा जपून घाला.

तुमचा मेव्हणा,
बंडू

ता. क. — ती ओळ अशी: 'अढळच दगडोबा डोंगराच्या कुशीला'. पुढच्या तीन ओळी व्हायच्या आहेत. तुमच्या धाकट्या जान्हवीच्या लग्नापर्यंत होतील. माईक मागत नाही, नुसतं बोलावलंत तरी मागं उभा राहून म्हणेन.

ता. क. २ — टोपी तेलकट झाली आणि परतीच्या वाटेत टॉवेलावर कोणीतरी कलिंगड खाल्लं. टॉवेल नवीन घेतलाय, टोपी घ्यायची आहे. डोक्याचं माप सरूकडून कळवावं.

ता. क. ३ — खरं तर एवढंच लिहायचं होतं: येत्या रविवारी त्याच गाडीनं येतो, पुन्हा एकदा लिंबाखाली या. सिटा वाकून बघू नका, गुडघा दुखेल. मी दारातच उभा असेन, जागा न धरता. टॉवेल हातात असेल.