दोन तासांत नागपूर

७ जुलै २०१३, रविवार

लेक साक्षीला नागपूरला मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. ४ ऑगस्टला दुपारी बाराच्या आत हॉस्टेलवर हजर व्हायचं. मी जाहीर केलं की मी स्वतः सोडणार, गोंदियाहून आपल्या टर्बो गाडीने, दोन तासांत. बायको, रेणू, म्हणाली, बस साडेचार तास घेते जी, पण खोकलत नाही.

खोकला खरा आहे. मागच्या महिन्यात टर्बोचा बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवून घेतला तेव्हापासून चार हजार आरपीएमच्या पुढे गाडी अडखळते. टर्बो जास्त हवा कोंबतो, त्या दाबात प्लगची ठिणगी विझते. म्हणजे दोष माझ्या निर्णयाचा नाही, ठिणगीचा आहे. इग्निशन, म्हणजे ठिणगीची सगळी यंत्रणा, अपग्रेड करायचं. हातात चार आठवडे. भरपूर.

१० जुलै, बुधवार

काम शास्त्रीय पद्धतीने करायचं ठरवलं. वीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतोय, ते कधी कामी यायचं. एक्सेलमध्ये तक्ता केला: थंड प्रकारचे प्लग, जोरदार कॉइल, वेगळा इग्निशन बॉक्स, आणि हे तिन्ही. प्रत्येकाला शंभरपैकी गुण. सगळे फर्स्ट क्लासमध्ये पास झाले, त्यामुळे निर्णय लांबला.

संध्याकाळी पाहिलं तर तक्त्यात पाचवी ओळ वाढलेली. ‘प्लगचा गॅप कमी करा. शंभरपैकी शंभर.’ साक्षीचे उद्योग. ती म्हणाली, बाबा, ठिणगीला कमी अंतर दिलं की झालं, फुकटात होतं. तिला समजावलं की कॉलेज अजून सुरू व्हायचं आहे. ओळ डिलीट केली.

१४ जुलै, रविवार

केशोरीला सासूबाईंना भेटून परत येताना कोहमाऱ्याला चहासाठी थांबलो. धाब्याच्या शेजारी दुधराम मिस्त्रीचं टिनाचं गॅरेज. मी गाडी रेज करून रेणूला टर्बोचा आवाज ऐकवत होतो. दुधराम उठून आला. म्हणाला, सर, ग्याप जास्त हाये. दोन मिनिटं द्या, कमी करून देतो. हातात हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा. त्याने गॅप मोजतो म्हणे. मी विचारलं, फीलर गेज नाही का? म्हणाला, हेच व्हय जी, तीस वर्षांपासून.

नम्रपणे नकार दिला. ही साधी गाडी नाही, असंही सांगितलं. तो म्हणाला, हव, दिसून राहिली.

गोंदियाजवळचं फुलचूर येईपर्यंत रेणू खिडकीबाहेर बघून हसत होती. कारण विचारलं नाही.

१९ जुलै, शुक्रवार

निर्णय झाला. रेसिंग कॉइल चार, इरिडियम प्लग चार. गाड्यांच्या ऑनलाइन फोरमवर ‘बूस्टकिंग’ नावाचे गृहस्थ आहेत, त्यांनी शिफारस केली. त्यांची स्वतःची गाडी दोन वर्षं बंद आहे, पण तो वेगळा विषय.

साक्षीला स्क्रीनवर कॉइलचा फोटो दाखवला. ती हॉस्टेलसाठी बादली-मग आणायला आईबरोबर बाजारात निघाली होती. येताना बघते म्हणाली. येताना विसरली.

२७ जुलै, शनिवार

पार्सल आलं. वस्तू देखण्या. प्लगच्या खोक्यात चिठ्ठी होती: गॅप तपासून घ्यावा. पण कंपनीने एवढ्या अचूक यंत्रावर बसवलेला गॅप आपण तपासणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास. तसेच बसवले.

३० जुलै, मंगळवार

गोरेगाव रोडवर चाचणी. आता गाडी साडेचार हजारला खोकते. म्हणजे पाचशेची सुधारणा. या दराने आणखी तीन अपग्रेडमध्ये प्रश्न सुटेल. वेळ मात्र चार दिवस.

रेणू म्हणाली, पोरीशी बोला जरा, चार दिवस राहिले. मी म्हणालो, बोलायचंच आहे, म्हणून तर गाडी करतोय. प्रवासात निवांत बोलणार. ती म्हणाली, दोन तासांत का?

२ ऑगस्ट, शुक्रवार

संकल्प: चार हजारच्या आत चालवायची. कुणाला कळणार नाही. बोलायचे मुद्दे कागदावर काढले. मेसचं जेवण, अभ्यासाचं वेळापत्रक, दर रविवारी फोन. चौथा मुद्दा, ती गेल्यावर माझं कसं होणार हा, लिहून खोडला.

४ ऑगस्ट, रविवार

सकाळी ६.१०. निघालो. डिकीत ट्रंक, गादी, बादली. रेणू फाटकाशी उभी. साक्षीने मागे वळून पाहिलं नाही, आरशात पाहिलं. मला दिसलं.

७.२०, कोहमारा. पुढे ट्रक होता. ओव्हरटेक दाखवावा म्हणून पूर्ण पाय दाबला. गाडी खोकली, झटके दिले आणि बंद पडली. पुन्हा सुरू होत नाही. आतापर्यंत मेसचं जेवण हा एकच मुद्दा झाला होता.

७.५०. नागपूरची बस आली. साक्षी म्हणाली, बाबा, मी कागदपत्रांची फाईल घेऊन पुढे जाते, तुम्ही सामान आणा. मी म्हणालो, दहा मिनिटं थांब. तिने घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, बाबा, तुम्ही दहा मिनिटं म्हणालात ना, म्हणूनच जाते. चढली. मुद्द्यांचा कागद खिशातच राहिला.

८.००. दुधराम आला. ‘सांगतलो होतो’ असं त्याने म्हटलं नाही, त्याचा फार त्रास झाला. प्लग काढले, पेट्रोलने ओले होते, पुसले. म्हणाला, दाब वाढवला त ठिनगीले एवढी मोठी उडी मारता येत नाही सर, उडी लहान करा. मग फटीत ब्लेडचा तुकडा सारत एकेका प्लगला हलकी ठोक. काचेवरचं कॉलेजचं स्टिकर पाहून त्याने विचारलं, शाळेत काय शिकवता जी? म्हणालो, फिजिक्स. त्याने मान हलवली आणि चौथा प्लग उचलला.

८.२५. सुरू. पैसे चहापुरतेच घेतले. ब्लेडचा तुकडा मला दिला. म्हणाला, ठेवा, पुढं कामी येईल.

(पुढचं घरी परतून लिहितोय.) गाडी जन्मात अशी पळाली नव्हती. सहा हजारपर्यंत एक खोकला नाही. लाखनीच्या पुढे बस दिसली. शेजारी नेऊन हॉर्न वाजवला. साक्षी खिडकीला डोकं टेकून झोपली होती, तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशी. एका सेकंदात बस मागे पडली असती.

पाय उचलला. बसच्या मागे लागलो. जाग आली तर तिला गाडी दिसावी, एवढंच. नागपूरपर्यंत पन्नासच्या वेगाने. एकदाही बूस्ट लागला नाही.

गोंदिया ते नागपूर: साडेचार तास. बसइतकेच.

स्टँडवर गाडीत बसताना इंजिनाचा आवाज ऐकून साक्षीने विचारलं, गॅप कोणी कमी केला? मी म्हणालो, मीच करायचा ठरवला, दुधरामची थोडी मदत. तिने डॅशबोर्डवरचा ब्लेडचा तुकडा उचलला, पाहिला आणि कंपासपेटीत टाकला. म्हणाली, हा माझ्याकडे राहू द्या. तुमच्याकडे राहिला तर याचंही अपग्रेड कराल.

चौथा मुद्दा सांगायचा राहिला.

५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी गाडी सुरू केली. एकदाही खोकली नाही. कुठे जायचं नव्हतं. बंद केली.