घोड्याच्या कादंबरीच्या तीन प्रती

आबा,

काल रविवारी मी माझ्या सगळ्या पुस्तकांची कव्हरं काढली. नंदुरबारला नोकरीसाठी घेतलेल्या या खोलीला ओल येते आणि खाकी कागदाखाली कसर लागली होती. आई आठवड्यासाठी आली आहे. मी कागद उतरवत होते, ती कोरड्या फडक्यानं पुस्तकं पुसून भिंतीशी उभी करत होती. एक पुस्तक हातात घेऊन ती म्हणाली, "हाई तर घोडावाली शे." थोड्या वेळानं म्हणाली, "हाई बी घोडावाली." तिसरी निघाली तेव्हा ती हसली आणि सहज बोलून गेली, "तुन्हा आबा म्हने, पोरनी पुस्तकस्ले कपडा घाली दिन्हा, आते माले वळखू येत नहीत." तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि हे मला काल कळलं.

कव्हरं घालण्याआधी तुम्ही एकही पुस्तक दोनदा आणलं नव्हतं. केळीचे ट्रक भरून झाले की बाजाराच्या दिवशी तुम्ही शहाद्याला जायचात, स्टँडसमोरच्या जुन्या पुस्तकांच्या गाडीवर उभे राहायचात आणि चित्र पाहून पुस्तक निवडायचात. जळत्या होडीची रहस्यकथा, वाघाशी बोलणाऱ्या मुलाचं कॉमिक, खिडकीत पाठमोरी बसलेल्या बाईची जाडजूड कादंबरी. कोणतं मुलांचं, कोणतं मोठ्यांचं, हे तुम्हाला कळायचं नाही, त्यामुळे मी दहाव्या वर्षी घटस्फोटाची कादंबरी वाचली आणि घटस्फोट म्हणजे काय ते कुणाला विचारायचं हेच मला कळेना. आजही माझी आवडती पुस्तकं विचारली तर मी त्यातलीच सांगते. घोड्याची कादंबरी तुम्ही पहिल्यांदा आणलीत तेव्हा आधी चित्रकाराला नावं ठेवली होतीत. सारंगखेड्याच्या जत्रेत लहानपणापासून घोडे पाहिलेला माणूस! "ह्यानी घोडं दखेलच नही. पाय दख कसा काढात, हाई दोन पावलंमा पडी जाई." आणि मग मी वाचत असताना रोज विचारायचात, "आते उनं का घोडं?" ती दोन सावत्र भावांच्या भांडणाची गोष्ट होती. घोडा एकशे चाळिसाव्या पानावर आला आणि त्याच पानावर विकला गेला. तुम्ही म्हणालात, "बरं जायनं. तो काय पळणार व्हता?"

सहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी सगळ्यांना खाकी कव्हरं घातली. शाळेत बाईंनी सांगितलं होतं की पुस्तकाला कव्हर हवंच. आपल्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे बाई जे बोलतील तो मला कायदाच वाटायचा. मी कॉमिक्सनाही कव्हर घातलं. लेबलं लावली, नाव, इयत्ता, तुकडी लिहिली, आणि विषयाच्या रेघेवर 'गोष्ट' किंवा 'कादंबरी'. तुम्ही दारात उभं राहून ते पाहत होतात. केळीच्या चिकानं काळे पडलेले हात तुम्ही पाठीमागे धरले होते. मला वाटलं, तुम्हाला अभिमान वाटतोय.

त्यानंतर घोडावाली दुसऱ्यांदा आली. मी तिलाही कव्हर घातलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाले, "आबा, ही आहे आपल्याकडे. दोनदा आहे." तुम्ही फळीकडे पाहिलंत. "सगळा खाकीच दिसतस वं माय." मला ती सबब वाटली. पुढच्या बाजाराला तुम्ही मला न विचारता सगळी पुस्तकं गोणीत भरून शहाद्याला नेलीत. घरी येऊन हसत हसत आईला सांगत होतात, "गाडीवाला म्हने, भाऊ, इकाले लई उना का? मी म्हनं, नही रे, मिळाई दखाले लई वनू. तो म्हने, असं गिऱ्हाईक मी पहिलांदा दखं." आईही हसत होती. चुलीवर भाकरी होती. मी गोणी उघडली. गाडीवरच्या पुस्तकांशी चित्र ताडून पाहता यावं म्हणून तुम्ही एकेक कव्हर वर उचललं होतं. कडा फाटल्या होत्या, लेबलं सुटली होती, दोनतीन कागदांवर चिकाचे डाग होते. नवं पुस्तक मात्र बरोबर आणलं होतंत, घरात नसलेलं. ते मी पाहिलंही नाही.

मी म्हणाले, "तुम्हाला वाचता येत नाही, तर पुस्तकांना हात कशाला लावता?"

हे मी शाळेतल्या मराठीत म्हणाले, घरच्या बोलीत नाही. आईची भाकरी तव्यावर करपली. तुम्ही "बरोबर शे तुन्हं" म्हणालात आणि हात धुवायला गेलात, आधीच धुतलेले. त्या आठवड्यात मी पुन्हा सगळी कव्हरं घातली. तुम्ही त्यानंतर एकही पुस्तक आणलं नाही. मला गाडीपाशी घेऊन जायचात आणि स्वतः दहा पावलं लांब, उसाच्या रसाच्या दुकानाजवळ थांबायचात. "तू दख. मी अठेच शे." मी भराभर निवडायचे. तुम्ही उन्हात उभे आहात हे डोक्यात असायचं, आणि तरी एकदाही "या ना, तुम्ही बघा" म्हणाले नाही.

मी बारा वर्षांची होते, असं स्वतःला सांगून पाहते. कव्हरांचं मला माहीत नव्हतं, हेही सांगते. दोन्ही खरं आहे. पण ते वाक्य तुम्हाला लागेल हे मला माहीत होतं, म्हणूनच मी ते निवडलं होतं. एवढं मी आईलाही सांगितलेलं नाही. ती आत्ता पलीकडे झोपली आहे, काल तिनं चित्रं समोर करून लावलेल्या पुस्तकांकडे तोंड करून.

तुम्ही असता तर हे पत्र तुम्हाला मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि आबा, खरं सांगते, त्या वाक्यापाशी आल्यावर मी ते गाळून पुढची ओळ वाचली असती.