खिळ्यावरचं लाल फडकं

३ मार्च

चि. खारूस अ. आ.

औषधाच्या कारखान्यात लागलीस हे कळलं. आनंद मानू की काळजी करू? आधीच्या ठिकाणी मुकादमाच्या धाकाने तुझी अन्नावरची वासना उडाली होती. चूक झाली की लपवायची, हे तिथेच शिकलीस. माणसाला खोटं बोलायला लावतो तो कारखाना नव्हे, कोंडवाडा! इथेही तेच असेल तर कळव. फाटकासमोर कामगारांची सभा घेऊन असा बोलेन की मालकाला पळता भुई थोडी होईल. मामी म्हणते, आधी पोरीला विचारा, मग घसा तापवा. तिला मधे बोलायची खोडच आहे.

लोभ आहेच, पत्रातून वाढता दिसू दे.

तुझा मामा

१९ मार्च

ती. मामांस सा. न.

घसा थंड ठेवा. काल माझ्या हातून बाटल्यांवर भलतीच लेबलं लागली. जुन्या सवयीने वाटलं, गप्प बसावं. पण इथे प्रत्येकीच्या टेबलाशी एक लाल फडकं असतं. चूक दिसली की ते भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचं, मग सगळं काम थांबतं. मी टांगलं.

वरचे साहेब तणतणत आले. चूक कोणाची ते सांगा, आजच घरी पाठवतो म्हणाले. आमच्या फोरमनबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, टांगणारीला घालवलंत तर उद्या कोणी टांगणार नाही, आणि अशीच बाटली कुणाच्या आजारी लेकराच्या उशाशी जाईल. घालवायचंच तर मला घालवा. तेवढ्यात शेजारणीने तिचं फडकं टांगलं. मग पलीकडचीने. बघता बघता भिंत लाल झाली. साहेबांनी चष्मा पुसला आणि ते आल्या पावली वर गेले.

बाईंनी मला आधी पाणी दिलं, मग लेबलं कुठे मिसळली ते माझ्याबरोबर शोधलं. रात्री मी पोटभर जेवले.

मामीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची खारू

२७ मार्च

चि. खारूस अ. आ.

भाषण रद्द. जन्मभर मी फाटकाबाहेरून गरजलो, तुझ्या बाई आत उभ्या राहिल्या. भीतीने हात चालतात पोरी, पण डोळे मिटतात. तुझे उघडले. बाईंना माझा नमस्कार सांग.

तुझं पत्र वाचून मामीने स्वयंपाकघराच्या दारात खिळा ठोकून घेतला. काल जेवताना मी कामगारांच्या विश्रांतीवर तावातावाने बोलत होतो आणि ती सकाळपासून उभी होती. तिने लाल फडकं टांगलं. मी थांबलो, ताटं उचलली.

आजही भांडी घासूनच हे लिहायला बसलो आहे. कागद कुठे ओला दिसला, तर ते पाणी नळाचं समज.

तुझाच,
मामा