बाळची बस आणि खिडकीची काच

मुलुंड (पूर्व),
२३ सप्टेंबर २०२४

ती. क्षमाताईंस,
सा. न. वि. वि.

आमसुले पोचली, पत्रही पोचले. लग्न होऊन आले तेव्हा 'सा. न. वि. वि.' म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी सगळे शिकवले, मराठी पत्र तेवढे तुम्ही शिकवलेत. फोनवर तुम्हाला निम्मे ऐकू येत नाही, म्हणून हे सुख अजून टिकले आहे.

तुम्ही लिहिलेत, बाळला आता बहिणीचे घर गैरसोयीचे वाटते. ह्यांनी ते वाक्य वाचले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले आहेत, म्हणून सांगते. मागे भाऊबिजेला तुमच्याकडे राहिलो, त्या रात्री लाइट गेली आणि ह्यांचे झोपेत श्वास पुरवणारे मशीन बंद पडले. गुदमरून जागे झाले ते उजाडेपर्यंत ओटीवर बसून होते. त्यानंतर घराबाहेर एक रात्र काढलेली नाही. सगळीकडून संध्याकाळी परत. तुमच्याकडून संध्याकाळी परत येणे शक्य नाही, म्हणून तुमच्याकडे येणेच थांबले. घराचा काही दोष नाही, ताई.

आता उपाय निघाला आहे. ह्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली. आत पलंग, ओटा, बेसिन, सगळे झाले, पण डब्यातल्या भाजीपोळीचा वास अजून जात नाही. गोरेगावचा राजेश, जो नटनट्यांच्या व्हॅनिटी व्हॅन बांधतो, तोच हे काम करतो आहे. अडले आहे ते जनरेटरपाशी. राजेशने नुसती बॅटरीही सुचवली, पण ती पहाटे संपली तर, ही ह्यांची धास्ती.

ह्यांना गॅसवरचा हवा, प्रोपेनचा. राजेशच्या भाषेत आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. धूर कमी, आवाज कमी. ह्यांची सगळी नोकरी स्टुडिओत साउंडमध्ये गेली, जनरेटरची गाडी लांब न्या म्हणून ओरडण्यात. मला डिझेलचा हवा. पलंगाखाली सिलिंडर ठेवून मला डोळा लागायचा नाही. खरे कारण तुम्हालाही सांगते. माझे बाबा आरेच्या दुधाच्या गाड्या दुरुस्त करायचे. संध्याकाळी दारातून आधी डिझेल आत यायचे, मग बाबा. ह्यांच्या मते वासावरून अत्तर घेतात, यंत्र नाही.

तुम्हीच निवाडा करा. भाऊबीज तुमच्याकडे करायची असे माझ्या मनात आहे.

तुमचा राग उतरला असेल, तर तेवढीच माया जास्त करा.

तुमची,
शर्मिष्ठा


गुहागर,
१ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शर्मिष्ठा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून आधी रडले आणि मग बाळचा राग आला. मला वाटत होते, गाद्या टोचल्या म्हणून येत नाही. मी सगळ्या गाद्या पिंजून नव्याने भरून घेतल्या. उशासुद्धा. हे त्याला वाचून दाखव आणि लाज वाटते का ते विचार. लहानपणी तापात फणफणायचा, तरी आईला कळू नये म्हणून मला गप्प बसवायचा. अजून तसाच आहे.

आता निवाडा. इथे सिलिंडर कार्डावर मिळतो आणि गाडी येईल तेव्हा येते. तुझ्या नवऱ्याचा सिलिंडर पहाटे संपला, तर मी कोणाचे दार वाजवू? डिझेल नाक्यावरच्या पंपावर आहे, मच्छीमारांच्या होड्या त्यावरच चालतात. आवाजाची भीती मला घालू नका. देवाने माझे कान त्यासाठीच आधी काढून घेतले असावेत.

मात्र एक ऐक. गाडीत झोपायचे नाही. माझे घर उघडे असताना सख्खा भाऊ अंगणात बसमध्ये झोपला, तर वाडीत मी तोंड कुठे दाखवू? बस गोठ्यापलीकडे उभी करा, धूर तिकडेच राहील. वायर लांब आणा. बाळ माजघराशेजारच्या खोलीत झोपेल, नव्या गादीवर.

दोघांनी भांडत भांडत या, पण या.

तुमची वाट बघणारी,
क्षमाताई


मुलुंड (पूर्व),
१४ ऑक्टोबर २०२४

ती. क्षमाताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचा निवाडा वाचून दाखवला. गाद्यांच्या ओळीपाशी हे उठून गॅलरीत गेले. परत आल्यावर म्हणाले, ताईचे बाकी सगळे मान्य, पण आवाजाचा निकाल आवाज ऐकूनच लागेल. राजेशकडे जाऊन दोन्ही जनरेटर अगदी शास्त्रशुद्ध रेकॉर्ड करून आणले. दुपारी जेवणानंतर मला मोठे हेडफोन घालून समोर बसवले.

गॅसचा खरेच सभ्य होता, पाहुण्यांसमोर बोलावे तसा. मग डिझेलचा किती वाईट ते समजावण्यासाठी हेडफोन स्वतः घातले आणि व्याख्यान सुरू केले. व्याख्यान अर्ध्यात थांबले. बघते तर आरामखुर्चीत मान कलती, झोपलेले. मी हळूच मशीन लावले. चहाच्या वेळेला जागे झाले आणि म्हणाले, डोळे मिटून ऐकत होतो.

रात्री मात्र स्वतःच कबूल झाले. शूटिंगच्या रात्री लांबून तो घरघराट येत असला, की भिंतीला टेकून बिनघोर डुलकी लागायची. आवाज आहे म्हणजे दिवे जाणार नाहीत. गॅसचा इतका हलका, की चालू आहे ना हे बघायला सारखे उठावे लागेल. मी बाबांच्या डिझेलच्या वासाचा विषय काढला नाही. जिंकलेल्या माणसाने गप्प बसावे.

दसऱ्याला डिझेलचा घेतला, हारही घातला. वायर एवढी लांब आणली आहे, की राजेशने विचारले, गुहागरला बस न नेता नुसती वायरच न्यायची आहे का.

ओवाळणीचे ताट काढून ठेवा, आणि माया आहे तिथेच असू द्या.

तुमची,
शर्मिष्ठा


गुहागर,
१० नोव्हेंबर २०२४

चि. बाळ आणि चि. सौ. शर्मिष्ठा यांस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचे कळले. बसमध्ये माझा नारळाच्या वड्यांचा डबा राहिला आहे, तो रिकामा परत पाठवू नये.

तुम्ही विचारलेत, त्या रात्री मला त्रास झाला का. ओवाळून, जेवून सगळे निजलो आणि लाइट गेली. बाळ, तुझ्या खोलीत बॅटरीचा उजेड हलताना दिसला आणि मी उठून पडवीत आले. मग तू अंगणातून गोठ्यापलीकडे गेलास आणि परत आलास. मला काही ऐकू येईना. चालू झाला की नाही, कोणाला विचारू? म्हणून पडवीच्या खिडकीला हात लावला. ज्या खिडकीची एक काच काढून वायर आत घेतली होती, तिच्या बाकीच्या काचा बारीक थरथरत होत्या. तेवढे मला पुरले. काचेला हात लावून मी बराच वेळ उभी होते. मग दार लोटून बघितले, तर नव्या गादीवर तू अगदी लहानपणीसारखा कुशीवर झोपला होतास.

शर्मिष्ठा, सकाळी तुला गोठ्यापलीकडे बसपाशी एकटीच उभी पाहिली. डिझेलचा वास येत होता. मी मुद्दाम चहाला हाक मारली नाही.

शेजारची अपूर्वा दोनदा येऊन म्हणाली, काकू, ती काच बसवून देते, थंडी आत येईल. मी नको म्हटले. तिथे पुठ्ठा लावला आहे, वायर आली की काढता येतो.

यायचे आधी कळवायची गरज नाही. लोभ आहेच, आता खिडकीही आहे.

तुमची,
क्षमाताई