मागच्या रांगेतला आवाज

कोल्हापूर,
२० मार्च १९९९

चि. प्रसेन यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद आणि सप्रेम जय भीम. वि. वि.

काल तुझा पिक्चर बघून आलो. गल्लीतली तेवीस माणसं, दोन टेम्पो. कॅसेटवर गाजलेली सगळी पॉपगाणी त्यात आहेत म्हणून पोरं खुशीत होती. पण काय तो पिक्चर रे. गाणी आधी गोळा केली आणि गोष्ट मागनं चिकटवली. हिरोचा बाप वारतो आणि तेराव्याला सगळं घर नाचतंय. इंटरव्हलला चहाला गेलेली निम्मी माणसं परत आलीच नाहीत. आबा तेवढे दिवे लागेपर्यंत जागचे हलले नाहीत.

हिरोसाठी तू गायलास असं लिहिलं होतंस. तुझा आवाज कुठल्या गाण्यात, ते आम्हाला काही कळेना. शेवटी नावं सरकायला लागली तोवर लोक उठून उभे, त्यामुळं वाचताही आलं नाही. घरी आल्यावर आबा न जेवताच झोपले. तीस वर्षं गायन पार्टीत मागं बसून कोरस दिलेला माणूस, पोरगा पुढं गेला म्हणून वर्षभर मिरवतोय. चौदा एप्रिलला जयंतीत तुझा सत्कार ठरलाय. गुंडू पेंटरनं बॅनरसुद्धा रंगवला, 'पार्श्वगायक प्रसेनजीत'. माझ्या जिवाला घोर लागलाय. खरं काय ते लिही.

कळावे. लोभ आहेच, तो उलट टपालानं दाखव.
तुझी आक्काताई

मुंबई,
२४ मार्च १९९९

ती. आक्कास सविनय जय भीम. वि. वि.

चार पत्रं फाडली, हे पाचवं. आक्का, हिरोसाठी मी गायलो नाही. मी खोटं लिहिलं. जुन्याच गाण्यांना नवा कोरस जोडायचा होता, त्यात आम्ही आठजण. दोन रांगा केल्या, मी मागच्या रांगेत. एका दुपारात तीन गाणी उरकली. आता पिक्चर पडल्यावर कुणी बोलवतही नाही.

आबांसारखं जन्मभर मागं बसायचं नाही, असं त्यांच्या तोंडावर बोलून मी घर सोडलं. आता कुठल्या तोंडानं सांगू? मी चौदाला येत नाही, आजारी आहे म्हणून सांग. बॅनर लावू देऊ नको. आबांना यातलं काही कळता कामा नये, तुला माझी शपथ.

मी लायक नसलो तरी लोभ होता तेवढा ठेवावा.
तुझा प्रसेन

कोल्हापूर,
२८ मार्च १९९९

चि. प्रसेन यास आशीर्वाद.

तुझं पत्र तांदळाच्या डब्यात लपवलंय. वाचून वाटलं, समोर असतास तर दोन ठेवून दिल्या असत्या. मग रडूच आलं. आबांना मी काही बोलले नाही. पण इथं वेगळंच चाललंय. मंगळवारपासून तीन दिवस आबा जेवण झालं की टोपी घालून बाहेर पडायचे, ते सहाला यायचे. कुठं गेलता विचारलं, तर म्हणे पाय मोकळे करायला. परवा गुंडूला बॅनर पुसायला सांगून आले. तो बिचारा मला विचारतोय, सत्कार मोडला काय. मी काय सांगणार? मला घास गोड लागत नाही.

आत्ता त्यांनी माझ्याकडं एक पोस्टकार्ड आणि तुझा पत्ता मागितला. काय लिहितात कोण जाणे. जे असेल ते सोस.

रागावले तरी तुझीच,
आक्का

कोल्हापूर,
२९ मार्च १९९९

चि. प्रसेनजीत, जय भीम.

पिक्चर उतरायच्या आत तीन दिवस तीनच्या खेळाला गेलतो. थेटरात मी आणि दारवान, दुसरं कोण न्हाय. पिक्चर टुकार हाय. लग्नाच्या मांडवातल्या गाण्यात कोरस हाय, तिथं पहिल्याच दिवशी शंका आलती. मग दोन दिवस डोळं मिटून ऐकलं. सगळी थांबली तरी एक आवाज अर्धा श्वास रेंगाळतोय. ही खोड तुझी. बारा वर्षांचा असताना ह्याच्यावरनं मार खाल्लायस, अजून गेली न्हाय.

आक्कीला वाटतंय मला काय ठाव न्हाय. वाटू दे.

सत्कार मी बंद केला. गुंडूनं आता त्या जागी लिहिलंय, 'कोरस : यल्लाप्पा, प्रसेनजीत'. आधी माझं, मग तुझं. कोरसवाल्याचं नाव आजवर कधी बॅनरवर आलं न्हाय, यंदा येऊ दे. बारा तारखेला तालमीला यायचं. माझ्या डाव्या अंगाला बसायचं. रेंगाळलास की चिमटा काढता येतोय.

लोभ हाय की.
आबा