आप्पांचा नो-क्लेम

३ फेब्रु., मंगळ.
आप्पांना जाऊन दोन महिने दोन दिवस. गाडी अजून त्यांच्याच नावावर. माणिकपूरला विमावाल्या मेघनाताईंकडे गेलो. म्हणाल्या, "काका, तीन महिन्यांच्या आत वडिलांची गाडी तुमच्या नावावर करा, नाहीतर पंचाईत." म्हटलं, आधी पॉलिसीचं पुस्तक द्या, वाचतो. "सगळं? कोणी वाचत नाही हो!" शाळा सातवीपर्यंत, पण मोटर वाइंडिंग पुस्तकं वाचूनच शिकलो. हे काय मोठं.

५ फेब्रु., गुरु.
हप्ता कशाकशाने वाढतो ते वहीत उतरवलं. इंजिनाचा आकार. गाडीचं वय. नोंदणी कुठली: हीच गाडी मुंबईत पासिंग केली असती तर जास्त. पाणी शिरून इंजिन गेलं तर भरपाई हवी, त्याचे वेगळे पैसे. आणि गॅस किट. किट बसवलं तेव्हा मीच म्हटलं होतं, "आप्पा, कळवू नका, हप्ता वाढेल." आप्पा दुसऱ्याच दिवशी आरसीवर चढवून, विमा कंपनीत कळवून आले. आज वाचलं, न कळवलेल्या किटने आग लागली तर क्लेम अडतो. तेव्हा त्यांना हट्टी म्हणालो होतो.

७ फेब्रु., शनि.
पान १९. तीनदा वाचलं.
वर्षभर क्लेम नाही, की हप्त्यात सूट; 'नो-क्लेम' म्हणतात ते हेच. ओळीने पाच वर्षं नाही, की पन्नास टक्के. (थर्ड पार्टीवर नाही, फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर.) एक क्लेम केला की शून्य. आणि सूट गाडीची नाही, माणसाची! गाडी विकली तरी माणसाबरोबर जाते. माणूस गेला तर गाडीसकट वारसाला.
थक्क झालो. रिव्हर्स घेण्याआधी आप्पा खाली उतरायचे, मागे जाऊन बघायचे, परत बसायचे. दर वेळी. अख्खी आळी हसायची. "आप्पा, बैल जुंपा!" मीही हसायचो. ते उतरणं-बसणं कुठेतरी जमा होत होतं. वाडी मिळते, विहीर मिळते. बापाचा सावधपणाही वारशात मिळतो, हे...

८ फेब्रु., रवि.
आई संमतीच्या कागदावर सही देईना. "बापाचं नाव काडायला निगालास?" कागद तिथेच टाकून केळीला पाणी सोडायला गेली.
मेघनाताईंना फोन. आईच्या सहीशिवाय होत नाही. मुदत एक मार्च. चुकली तर पन्नास टक्के गेले.

१२ फेब्रु., गुरु.
आई वाल सोलत होती. शेजारी बसून पान १९ वाचून दाखवलं.
"म्हंजे नाव जातं आनि गुन ऱ्हातो?"
"हो."
हातातला वाल सोलून भांड्यात टाकला. मग, "तू जपशील तर. आन हिकडं." चष्म्याशिवाय सही केली. रेषेच्या वर गेली. चालेल.

२७ फेब्रु., शुक्र.
विरारच्या आरटीओतून आरसीचं काम झालं. पॉलिसी माझ्या नावावर. नो-क्लेमच्या रकान्यात ५० टक्के. बघत राहिलो. मी अजून एक किलोमीटरही चालवली नाही.

९ मार्च, सोम.
लिहायला लाज वाटते. घाईत होतो. न उतरता रिव्हर्स टाकला. विहिरीचा कठडा. डिकीचं दार आत गेलं, उजवा दिवा फुटला.
गॅरेजवाला म्हणतो, "क्लेम टाका ना काका, खिशातून कशाला? विमा काय ओवाळायला काढलाय?" चुकीचं काय बोलला? खर्च सवलतीपेक्षा जास्त आहे. हिशेबाने क्लेमच करावा.
फॉर्म आणला. नाव, नंबर, तारीख, वेळ भरली. 'अपघाताचे कारण' यात लिहिलं: मागे पाहिले नाही.
आईला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी अंगणात आली, चेपलेल्या पत्र्यावर हात फिरवला, जरा वेळ.
"आता तुजी झाली गाडी."
एवढंच बोलून आत गेली.
फॉर्मवर सही बाकी आहे.