हंगेरीचा पाहुणा परत आलाय

अहो मंगेशचे बाबा,

उद्या कंपनीच्या गेटवर तुमची शोकसभा आहे, म्हणून लिहितेय. तुमच्या फोटोला हार कोण घालणार, माहीत आहे? तुमचा हंगेरीचा पाहुणा!

तोच हो, जो तिकडच्या युनियनतर्फे आला होता आणि आपल्या दिघ्याच्या खोलीत मांडी घालून जवळ्याची चटणी खाताना नाकाडोळ्यांतून पाणी काढत होता. तिकडे राज्यच कामगारांचं, असं तुम्ही अख्ख्या चाळीला सांगत सुटला होतात. मी विचारलं होतं, सरकार पक्षाचं, कारखाना सरकारचा, युनियनही पक्षाचीच, मग कामगारानं भांडायचं कुणाशी? तुम्ही हसलात. "तिथं भांडावंच लागत नाही, सुलभा." किती भोळे हो तुम्ही!

घर फिरलं की वासेही फिरतात. तिकडची राजवट गेली, पक्षानं नाव बदललं, आणि हा युनियनचा पुढारी तोच कारखाना घेऊन मालक झाला. आता आपली कंपनी घेतोय. निम्म्या माणसांना घरी बसवा, ही त्याची अट.

आणि युनियनचा सेक्रेटरी, तुमचा लाडका वसंत? तो त्याची बॅग उचलत फिरतोय. काल घरी आला होता. म्हणतो, वहिनी, माणसं कमी करायच्या या कराराला दादांची संमती होती असं उद्या सभेत सांगतो, म्हणजे लोक मंजुरीला पटकन हात वर करतील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही जायच्या आदल्या दिवशी तो हाच करार घेऊन आला होता ना? छातीत कळ येत असताना उठून तुम्ही त्याला हाकललंत. डॉक्टर काही म्हणोत, तुमचा जीव त्यानंच घेतला.

तुम्हीही काही कमी नाही! त्याला डोक्यावर कुणी बसवलं? त्याच्याविरुद्ध कुणी बोललं की पक्षशिस्त सांगून गप्प कोण करायचं?

मी त्याला चहा दिला. उद्या येते म्हणाले.

एक मात्र बरं केलंत. शोकसभेत गेलेल्या कामगाराच्या बायकोनं युनियनचा झेंडा चढवायचा, आणि तो तिच्या हातात असेपर्यंत तिला कुणी अडवायचं नाही, ही पद्धत तुम्हीच पाडलीत. बिचाऱ्या रडत झेंडा चढवायच्या आणि बाजूला व्हायच्या. वसंताला वाटतंय, मीही तेच करेन.

उद्या मी झेंडा हातात धरूनच बोलणार. तुम्ही त्याला काय म्हणालात, ते शिव्यांसकट सांगणार, पाहुण्यासमोर, सगळ्या शिफ्टसमोर. एकही हात वर होऊ देणार नाही. वसंत त्या गेटमधून तोंड लपवत बाहेर पडला की मगच तुमच्यासाठी रडेन. हे माझं वचन.

तुमचीच,
सुलभा